माठ हवेला विचारून गार करतो

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी अकोल्याहून डोंबिवलीला एक माठ आणला. आणला म्हणजे रात्रभर गाडीत मांडीवर धरून आणला, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. घेताना रस्त्याकडेला बसलेल्या कुंभारणीने तो बोटाच्या पेराने वाजवून दाखवला, टणटण आवाज आला, तिने पैसे कनवटीला लावले आणि मग विचारलं, "कुठं नेता ताई?" मुंबईकडे म्हटल्यावर ती हसली. "तिकडं नाई होत हा थंड. नेऊन पाहा."

मला वाटलं, बाईला आपला माल परक्या मुलखात गेलेला आवडत नसावा.

पण तिचं खरं निघालं. आईच्या घरी पडवीत पारा ४३ अंशांवर होता तेव्हा तिच्या जुन्या माठातलं पाणी मी स्वयंपाकघरातल्या तापमापकाने मोजलं होतं: २७ अंश. डोंबिवलीत घरातली हवा ३३ अंशांची, म्हणजे अकोल्यापेक्षा १० अंशांनी कमी, आणि नव्या माठातलं पाणी ३० अंश. तीच माती, तीच घडण, पाणी रोज ताजं. तरीही जिथे हवा जास्त तापलेली तिथे पाणी जास्त गार. हे कोडं सुटलं की माठ कळतो. आणि माठ कळला की कूलर, वाळ्याच्या ताट्या, औष्णिक वीजकेंद्राचे धुरकट दिसणारे मनोरे आणि आपल्याला येणारा घाम, सगळं एकाच दोरीत ओवलेलं दिसतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "माती मुळातच थंड असते" असं आपण सहज म्हणतो. कोरडा, रिकामा माठ सावलीत ठेवा आणि दुपारी त्याला हात लावा. तो भोवतालच्या हवेइतकाच तापलेला असतो. माती बाहेरची उष्णता अडवते म्हणून पाणी गार राहतं, हेही पुरेसं उत्तर नाही. अडवण्याने फार तर तापायला वेळ लागेल, पाणी हवेपेक्षा १५-१६ अंशांनी खाली उतरणार नाही. खात्री करायची तर भरलेल्या माठाला बाहेरून प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी कोमट. माती तीच, जाडी तीच, फक्त माठाचा श्वास कोंडला.

माठ गार होतो तो पाझरतो म्हणून. भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेरच्या अंगाला येतं, तिथे त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. का घेऊन जाते? पाण्याचे रेणू सतत हलत असतात, पण सगळे सारख्या वेगाने नाही. काही सुस्त, काही मध्यम, काही भलतेच चपळ. पृष्ठभागावरून सुटून हवेत उडी मारणं त्या चपळांनाच जमतं, कारण शेजाऱ्यांची ओढ तोडायला तेवढी ऊर्जा त्यांच्याकडेच असते. आता एकत्र कुटुंबाची वाटणी डोळ्यांसमोर आणा. वेगळा होणारा भाऊ दर वेळी आपल्या वाट्यापेक्षा जास्त घेऊन निघाला, तर मागे राहिलेल्यांच्या वाट्याला सरासरी कमीच येणार. पाण्याचं तापमान म्हणजे हीच मागे राहिलेल्यांची सरासरी. चपळ रेणू जात राहतात, सरासरी उतरत राहते.

शाळेच्या पुस्तकात याला 'अप्रकट उष्मा' म्हणायचे आणि आम्ही ते दोन गुणांसाठी पाठ करायचो. त्या दोन गुणांमागचा आकडा मात्र थरारक आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पावणेआठ पट उष्णता तेवढ्याच पाण्याची उन्हाळ्यातल्या तापमानाला वाफ व्हायला लागते. म्हणजे एक लिटर वाफ झाली की सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता गेली. याचाच व्यवहारातला अर्थ असा: दहा लिटरच्या माठातलं पाणी ३५ अंशांवरून २७ वर आणायला फक्त १४० मिलिलिटर पाणी उडावं लागतं. एक छोटा पेला. प्रत्यक्षात थोडं जास्त जातं, कारण भोवतालची गरम हवा माठाला सतत तापवत असते. पण हिशेब पेल्या-दोन पेल्यांचाच.

आता माठाची भिंत. ही चीज कुंभाराच्या हातात आहे आणि ती दिसते तितकी सोपी नाही. पाणी पाझरायला तर हवं, पण गळायला नको. गाळाच्या मातीत कुंभार घोड्याची लीद, राख, भाताचं तूस असं काहीबाही मिसळतो. चाकावरून उतरवलेलं मडकं जाड बुडाचं असतं. ते अर्धवट वाळल्यावर आतून गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापीने थापटत थापटत तो भिंत पातळ करत नेतो. मग आव्यात भाजताना लिदीतल्या गवताच्या काड्या जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो. एवढ्यात माती पक्की होते, पाण्यात विरघळत नाही, पण तिचे कण वितळून एकजीवही होत नाहीत. भट्टी त्याच्या बरीच वर नेली तर छिद्रं बुजतात आणि माठाचं भांडं होतं. लोणच्याची चिनी मातीची बरणी घ्या. तीही मातीचीच, पण जास्त भाजलेली आणि वरून काचेसारखा लेप दिलेली. बरणीने पाझरायचं नाही हे तिचं काम, माठाने पाझरायचं हे त्याचं. बरणीत पाणी ठेवून ते गार होईल अशी वाट पाहणारा माणूस मी अजून पाहिला नाही, पण ऑइलपेंटने वारली चित्रं रंगवलेला, चकाकता माठ कौतुकाने विकत घेणारे पुष्कळ पाहिले. रंगाने छिद्रं बुजली की ती बरणीच झाली, फक्त महाग.

इथवर सगळं माठाबद्दल झालं. डोंबिवलीचं कोडं मात्र माठात नाही, हवेत आहे.

वाफ होणं हा एकतर्फी रस्ता नाही. माठावरून रेणू हवेत जातात तसे हवेतले काही परत येऊन माठाला चिकटतात, आणि येताना ऊर्जा घेऊन येतात. हवा कोरडी असेल तर जाणारे फार, येणारे थोडे. हवा आधीच पाण्याने जड असेल तर जवळपास जितके गेले तितके आले. मुंबईच्या पावसाळ्यात कपडे दोन दिवस वाळत नाहीत, त्याच कारणाने मे महिन्यात माठही नीट वाळत नाही. आणि माठाचं वाळणं म्हणजेच त्याचं गार होणं.

हवामान खात्याकडे हे मोजायची जुनी, देखणी युक्ती आहे. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी ठेवतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं, त्याची वात पाण्यात बुडवलेली. फडक्यावरच्या पाण्याची वाफ होते, तसा दुसऱ्याचा पारा खाली येतो आणि एका जागी थांबतो. जिथे थांबतो तिथून खाली त्या दिवशी, त्या हवेत, नुसत्या वाफेच्या जोरावर कुणालाही जाता येत नाही. (पुण्यात शिवाजीनगरला बसचा थांबा आहे 'सिमला ऑफिस' नावाचा. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आलं, म्हणून ते नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण थांब्याने नाव सोडलं नाही.)

या ओल्या फडक्याच्या तापमानाला मी मनातल्या मनात 'माठाचा तळ' म्हणते. काही हिशेब करून पाहिले. नागपूर, दुपारचे ४५ अंश, हवेत सापेक्ष आर्द्रता १५ टक्के (म्हणजे त्या हवेत मावू शकते त्याच्या १५ टक्केच वाफ): तळ २४ अंश. पुणे, ३८ अंश आणि २० टक्के: तळ २१. मुंबई, ३३ अंश आणि ७० टक्के: तळ २८. पुणेकर हे वाचून खूश होतील, त्यांना आणखी एक कारण मिळालं. माठ प्रत्यक्षात तळाला टेकत नाही, दोन-चार अंश वरच राहतो, कारण भोवतालची उष्णता त्याला तापवत असतेच. माझ्या अकोल्याच्या २७ आणि डोंबिवलीच्या ३० या आकड्यांचा उलगडा इथे होतो. डोंबिवलीचा माठ आळशी नव्हता. तळच २८ वर होता, तो बिचारा जाणार कुठे?

म्हणून माठ घ्यावा का, या प्रश्नाला बाहेर किती ऊन आहे हे विचारून उपयोग नाही. दोन पाऱ्यांमधलं अंतर विचारायचं. नागपुरात ते २१ अंशांचं, पुण्यात १७ चं, मुंबईत जेमतेम पाचचं. गंमत अशी की मुंबईतही जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी, जमिनीवरून कोरडं वारं येतं तेव्हा, हे अंतर चांगलं वाढतं. माठ तेव्हा छान चालतो. फक्त तेव्हा गार पाणी मागायला कुणी येत नाही.

कूलर हा विजेवर चालणारा माठच. पाणी मातीतून पाझरण्याऐवजी छोटा पंप ते ताट्यांवर सोडतो आणि पंखा त्या ओल्या ताट्यांमधून बाहेरची हवा ओढतो. फरक इतकाच की माठात आपण आतलं पाणी वापरतो, कूलरमध्ये गार झालेली हवा. ताट्या पूर्वी वाळ्याच्या असत, मग लाकडाच्या किसाच्या आल्या, आता मधाच्या पोळ्यासारख्या पुठ्ठ्याच्या मिळतात. वाळ्याचं काम काही जादूचं नाही. बारीक, गुंतागुंतीच्या मुळ्यांमुळे हवेला भिडायला भरपूर ओली जागा मिळते. वास मात्र त्याचा, तो पुठ्ठ्याला नाही.

नागपूरच्या ४५ अंशांच्या हवेचं चांगल्या ताट्या २९-३० अंश करून देतात. मुंबईत ३३ ची करतील २९-३०. आकडा तोच दिसतो ना? पण नागपुरात ती हवा अजून घाम सुकवण्याइतकी कोरडी असते. मुंबईत ती पाण्याने जवळपास भरलेली असते, अंगाला नुसती चिकटते. विदर्भात जूनमध्ये मृगाचे दोन पाऊस पडले की हाच अनुभव येतो: कालपर्यंत गारेगार करणारा कूलर आज चिकचिक करायला लागतो. तो बिघडलेला नसतो.

कूलरच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दारं-खिडक्या लावून घेणं. एसीची सवय झालेली माणसं हे हमखास करतात. एसी खोलीतली तीच हवा फिरवतो, म्हणून खोली बंद हवी. कूलर बाहेरची कोरडी हवा घेतो आणि ओली करून आत सोडतो. तिला बाहेर पडायला वाट ठेवली नाही तर अर्ध्या तासात खोलीची मुंबई होते. म्हणून विदर्भात कूलर खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर बसवतात आणि समोरचं दार उघडं ठेवतात. आणि हो, पाणी भरायच्या आधी बटण नव्हे, प्लग काढायचा. पत्र्याचं अंग, पाणी आणि वीज एकत्र आली की दर उन्हाळ्यात वाईट बातम्या येतात.

विजेचा हिशेब बोलका आहे. दीड टनाचा एसी जोरात चालला की तासाला दीड युनिटच्या आसपास घेतो, साधा घरगुती कूलर ०.२ युनिटच्या आगेमागे. उरलेलं काम कुणी केलं? पाण्याने. एक टनाचा एसी तासाला जेवढी उष्णता बाहेर फेकतो तेवढी शोषायला सव्वापाच लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. हे पाणी कुठून तरी आणावंच लागतं, आणि ज्या मुलखात हवा कोरडी तिथे पाणीही कमी, ही या सगळ्या प्रकारातली खरी मेख आहे. जुनं म्हणजे फुकट आणि निरुपद्रवी, असं म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत जाऊन कूलरचं गुणगान करून पाहावं.

हीच मेख मोठ्या प्रमाणावर पाहायची तर नागपूरजवळ कोराडीला जा. औष्णिक वीजकेंद्राचे कमरेत बारीक झालेले ते प्रचंड मनोरे लांबून दिसतात, आणि त्यांच्या तोंडून निघणारा पांढरा लोट पाहून माणसं "केवढा धूर!" म्हणतात. तो धूर नाही. ते माठ आहेत. टर्बाइनमधून आलेल्या वाफेला थंड करून तापलेलं पाणी तिथे वरून पावसासारखं सोडतात, खालून हवा वर चढते, थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं गार होऊन परत कामाला लागतं. उडून जाणाऱ्या त्या 'थोड्या' पाण्याची भूक एवढी असते की नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या केंद्राला पुरवण्याचा प्रकल्प उभारावा लागला.

या तत्त्वाने गाठलेली कमाल मात्र मला मनोऱ्यांत नाही, मातीच्या उथळ परळांत दिसते. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादकडे बर्फ कसा बनवतात ते लिहून कळवलं. जमिनीत उथळ खड्डे, त्यांत उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या ताटांचा जाड थर, त्यावर लेप नसलेली मातीची पसरट भांडी, भांड्यांत थोडंसं पाणी. हिवाळ्याच्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पहाटेपर्यंत पाण्यावर बर्फ धरायचा, हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतानाही. ताटांमुळे जमिनीची ऊब तुटली, पाणी मोकळ्या आभाळाकडे आपली उष्णता सोडत राहिलं, आणि उरलेली कसर वाफेने काढली. यंत्र नाही, मीठ नाही.

आजच्या शेतकऱ्याच्या कामाचं रूप म्हणजे शून्य ऊर्जा शीतकक्ष. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तो विकसित झाला. विटांच्या दोन भिंती, मध्ये चार बोटांची फट, फटीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओल्या तरटाचं झाकण. आत पालेभाज्या, टोमॅटो, लिंबं ठेवायची. इथे दमटपणासुद्धा कामाचा, कारण भाजी सुकत नाही. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९० च्या दशकात हेच दोन मडक्यांत केलं: मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू. त्याचा उत्तर नायजेरियाही कोरडा मुलूख, हे ओघाने आलंच.

आणि आपण स्वतः? आपली कातडी म्हणजे फिरता माठ. बाहेर ४५ अंश असताना शरीर ३७ वर राहतं ते केवळ घाम उडतो म्हणून. ओल्या फडक्याचा पारा ३५ वर गेला तर, घाम कितीही आला, पंखा कितीही फिरवला, निरोगी माणसालाही अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. प्रयोगांत तर त्याच्या बरंच खाली, ३१ अंशांच्या सुमारासच शरीराचा तोल ढळताना दिसला आहे. म्हणून किनारपट्टीवरच्या ३६ अंशांना "एवढंच?" म्हणून हसू नये. तिथे ऊन कमी असेल, पण माठ चालत नाही.

आता जपणुकीचं थोडं. नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, पहिलं दोन-तीन वेळचं पाणी झाडांना. साबण लावायचा नाही, तो भिंतीत मुरतो आणि नंतर पाण्याला चव देतो; नारळाची शेंडी आणि पाणी पुरे. बोअरचं जड पाणी असेल तर उडून जाणारं पाणी क्षार मागे ठेवतं, बाहेरून पांढरे डाग दिसायला लागतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत छिद्रं बुजतात. माठ पाझरायचा थांबला की त्याची सद्दी संपली. "जुना माठ जास्त गार करतो" हे प्रेमापोटी बोललेलं वाक्य आहे. (आईच्या जुन्या माठात नगरपालिकेचं गोडं पाणी भरतात, म्हणून तो टिकलाय.) ठेवायचा सावलीत, पण वाऱ्यात. वारा माठाभोवतीचा दमट हवेचा थर उडवून लावतो. फ्रिजशेजारच्या कोपऱ्यात, जिथे फ्रिजची गरम हवा निघते, तिथे माठ ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. तिवईखाली परात ठेवून तिच्यात ओली वाळू घातली तर आणखी एखादा अंश उतरतो.

डासांचं विसरू नका. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला रांजण आणि कूलरची टाकी दोन्ही प्रिय. आरोग्य खातं आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा म्हणतं तो याचसाठी: सगळी भांडी रिकामी, घासून, सुकवून मग भरायची.

माठाचं पाणी अल्कलाइन असतं, त्याने पोटातलं आम्ल संतुलित होतं, वगैरे मजकूर फोनवर फिरतो. पोटातल्या आम्लापुढे तेवढ्या पाण्याचं काही चालत नाही. माठाचं पाणी चांगलं लागतं कारण ते २५-२७ अंशांचं असतं, घशाला चटका न देता तहान भागते, आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याला मातीचा वास असतो. एवढं मला पुरतं.

गेल्या मे महिन्यात अकोल्याला गेले तेव्हा तीच कुंभारीण त्याच जागी बसली होती. तिला सांगितलं, माठ खरंच नाही होत गार. "म्या सांगतलंच होतं," ती म्हणाली आणि पुन्हा नवा माठ वाजवून दाखवायला लागली. मी घेतला नाही. डोंबिवलीचा आहे अजून. जानेवारीत धुऊन भरते, मार्चअखेर उलटा करून सुकवते आणि मेमध्ये त्यात कांदे ठेवते.